पाहुणेसाहेब

हे नाव त्यांना मेव्हण्यानं दिलं. मेव्हण्यानं दिलेलं नाव म्हणजे कपड्यावर पडलेला तेलाचा डाग. धुवा, घासा, जात नाही. पुढे भाजीवाले, रिक्षावाले, नगरपालिकेतले शिपाई, सगळेच त्यांना पाहुणेसाहेब म्हणायला लागले. समोर म्हणायचे तेव्हा त्यात मान असायचा, पाठीमागे म्हणायचे तेव्हा चेष्टा. त्यांना दोन्ही ऐकू यायचं आणि सुरुवातीला दोन्ही आवडायचं.

त्यांचे वडील कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. हे स्वतः त्याच कारखान्याच्या कचेरीत चिकटले. बोलणं गोड, कपडे नीटनेटके, चेहऱ्यावर कायम आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा टवटवीतपणा. म्हणून बाहेरगावचे व्यापारी आले की त्यांना कारखाना फिरवून दाखवायचं काम यांच्याकडे असे. मग एका वर्षी कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. शहर तसं लहानच, त्यातली निम्मी घरं त्या फाटकावर जगत होती. दुकानांच्या पायऱ्यांवर दिवसभर धडधाकट पुरुष बसलेले दिसायला लागले. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, आणि शेवटी सरकारनं या सगळ्या पट्ट्यासाठी एक मंडळ काढलं. क्षेत्रीय आर्थिक विकास मंडळ. लोकांनी पुढचं सगळं सोडून नुसतं ‘मंडळ’ ठेवलं.

मंडळाची कचेरी नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, भिंतीला हिरवा रंग, खिडकीत एक पंखा जो फिरताना मान नकारार्थी हलवायचा. अध्यक्ष म्हणून एक माजी पुढारी, सभासद म्हणून चार गावांचे नगराध्यक्ष, व्यापारी संघाचा एक माणूस, कॉलेजचे प्राचार्य. खरा कारभार संचालकांच्या हातात, आणि संचालक वरून नेमून यायचे. पैसा सगळा जनतेचा. थोडा सरकारचा, थोडा पालिकांचा.

हे मंडळ स्वतः काही बनवत नसे, काही विकतही नसे. दुसऱ्या कुणाला तरी इथे येऊन काही बनवावंसं वाटावं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी मंडळ जमीन घ्यायचं, रस्ता करायचं, पाणी आणि वीज आणायचं, पत्र्याचे उंच गाळे बांधायचं आणि नाममात्र भाड्यानं द्यायचं. कामगारांना शिकवायचा खर्च उचलायचं. पहिले काही महिने तर त्यांचा निम्मा पगारही मंडळच द्यायचं. बदल्यात मागायचं एकच. नोकऱ्या. नव्या नोकऱ्या जितक्या दाखवाल, तितका पुढच्या वर्षी वरून पैसा.

अशा मंडळाला गोड बोलणारा माणूस हवाच होता. कारखाना बंद पडून घरी बसलेल्या आमच्या माणसाला बोलावणं आलं. ‘संपर्क अधिकारी’ अशी पाटी टेबलावर आली, आणि ते जीव ओतून कामाला लागले. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की माणूस लबाड होता. लबाड नव्हता. कामधंदा बाहेरून येईल, आणि आपण नीट बोलावलं तर नक्की येईल, यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता.

कंपन्यांचे लोक जागा बघायला आले की हे त्यांना स्टेशनवर घ्यायला जायचे. स्टेशनापासून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा सरळ रस्ता बंद कारखान्यावरून जायचा. तुटलेल्या काचा, चिमणीवर उगवलेलं झाड. म्हणून पाहुणेसाहेब गाडी नदीच्या बाजूनं वळवून न्यायचे. “जरा लांब पडतं, पण हवा छान आहे,” असं म्हणायचे. कचरा जाळायच्या वेळा त्यांना पाठ होत्या. वारा कुठला आहे बघून ते पाहुण्यांच्या चहाची वेळ पुढेमागे करायचे. शाळेच्या मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन जायचा, रस्त्यावरचे दिवे तपासले जायचे. एकदा तर पाहुणे यायच्या सकाळी चौकातला खड्डा बुजवायला माणूस मिळेना, तर यांनी स्वतः घमेलं उचललं होतं.

“दाजी,” मेव्हणा तेव्हा म्हणाला, “आम्ही तीन वर्षं त्या खड्ड्यात पडतोय. आम्हालाही एकदा पाहुणे म्हणून बोलवा की! जाताना स्टेशनवर सोडा, येताना घ्यायला या.”

तिथून ते नाव पडलं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं आडवा, जिभेनं तिखट, हिशेबात कच्चा पण कामात वाघ. त्याचं बिजागऱ्यांचं वर्कशॉप होतं. दारांच्या, खिडक्यांच्या, पेट्यांच्या बिजागऱ्या. दोन पॉवर प्रेस, एक जुनं लेथ आणि दहा-बारा माणसं. प्रेसवर एक उंच, लांबट चेहऱ्याची बाई होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. तिचा हात मशीनच्या ठेक्यात असा जायचा-यायचा की बघणाऱ्यानंच नजर वळवावी. मेव्हणा तिला मशीनपासून उठायला लावायचा तो फक्त जेवायच्या सुट्टीत, आणि तेव्हाही ती पुटपुटत उठायची.

वर्कशॉप होतं एका वस्तीतल्या बोळात. टेम्पो आत यायचा नाही, माल हातगाडीवरून तोंडापर्यंत न्यावा लागायचा. प्रेस सुरू झाला की शेजाऱ्यांच्या मांडणीवरची भांडी नाचायची, मग शेजारी नाचायचे. तक्रारी पालिकेत गेल्या. त्यात वीज कमी दाबाची. दोन्ही प्रेस एकदम चालवले की सगळी आळी अंधारात. मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी आली तरी मेव्हण्याला हात जोडावे लागायचे.

आणि तिकडे वसाहतीत मंडळाचे गाळे रिकामे उभे होते.

तो एका सकाळी हिरव्या जिन्यानं वर आला. पाटीकडे बघून नमस्कार केला, खुर्ची ओढून बसला.

“दाजी, एक गाळा मला द्या. भाडं रीतसर भरीन. फुकट काही नको.”

“अरे, ते गाळे बाहेरून येणाऱ्यांसाठी आहेत.”

“म्हणजे मी आतला, हा गुन्हा झाला?”

“गुन्हा नाही रे. नियम आहे. नवीन रोजगार लागतो.”

“माझ्याकडे आहे तो काय शिळा आहे?”

पाहुणेसाहेब हसले. पण विषय त्यांनी संचालकांपुढे नेला, हेही खरं. त्यावेळचे संचालक शांत, हुशार, सारखा चष्मा पुसणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्याच्याकडे माणसं किती?”

“दहा-बारा.”

“गाळा दिल्यावर?”

“तीच. पुढे वाढतीलही.”

“म्हणजे मी वर काय कळवू? बारा होते, बारा आहेत?”

“पण साहेब, गाळा मिळाला नाही तर त्याचं बंद पडेल. पालिकेची नोटीस आलीय.”

संचालकांनी चष्मा उजेडाकडे धरून बघितला. “हे बघा, बंद न पडणं आपल्याकडे मोजत नाहीत. सुरू होणं मोजतात. मला पटतं असं नाही, पण पैसा त्यावर येतो.” मग चष्मा चढवून ते म्हणाले, “आणि तो तुमचा मेव्हणा ना? मग तर हा विषय तुम्ही काढूच नका. उद्या कुणी बोट दाखवलं तर मंडळाची अब्रू जाईल आणि तुमची नोकरी.”

हे ऐकून पाहुणेसाहेबांच्या छातीवरचा दगड उतरला. वाईट वाटायला हवं होतं, ते थोडं वाटलंही. पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. आता नियमाकडे बोट दाखवून मोकळं होता येणार होतं, आणि वर आपण नात्यागोत्याचं बघत नाही असा चोख माणूस म्हणून नाव राहणार होतं.

बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन तिनं पाय पाण्यात बुडवले होते.

“काय झालं गाळ्याचं?”

“नियमात बसत नाही.”

“तुम्ही सांगून बघितलं?”

“सांगितलं. उलट तो माझा मेव्हणा म्हणून जास्तच अडचण.”

ती थोडा वेळ पाण्यात पायाची बोटं हलवत राहिली. “म्हणजे तुमचा मेव्हणा झाल्याचा त्याला तोटाच झाला,” ती म्हणाली. चिडून नाही. रुग्णाचा ताप सांगावा तशी.

त्यानंतर वर्षाच्या आत ती कंपनी आली.

फ्रिजची दारं आणि लोखंडी कपाटं बनवणारी कंपनी. मोठं नाव. तिचे लोक आणखी दोन-तीन ठिकाणं बघून आले होते आणि प्रत्येक ठिकाणचं मंडळ त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होतं. पाहुणेसाहेबांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. नदीकाठ दाखवला, शाळा दाखवली, मग दवाखाना. कॉरिडॉर पुसून लख्ख केला होता. एका खोलीच्या दाराशी उभं राहून ते म्हणाले, “हे तपासणीचं नवं मशीन. तुमच्या कामगारांना कुठे बाहेर जायची गरज नाही.” तेवढ्यात समोरून हातात ट्रे घेऊन बायको आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि बाजू देऊन निघून गेली. ते मशीन आलं तेव्हापासून बंद होतं. एक सुटा भाग यायचा राहिला होता.

कंपनीचा मॅनेजर तरुण, मोकळा, हसतमुख. वसाहतीतल्या मोठ्या गाळ्यात पाय आपटून त्यानं जमीन किती भक्कम आहे ते बघितलं आणि विचारलं, “पत्र्याच्या कामाची सवय असलेली माणसं इथे मिळतील का? प्रेसवर बसलेली?”

“मिळतील ना,” पाहुणेसाहेब म्हणाले. “इथल्या लोकांच्या हातातच आहे ते.”

हे बोलताना बोळातलं ते वर्कशॉप आपल्या डोळ्यांपुढे होतं की नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या पट्ट्यात प्रेसवर बसलेली माणसं दुसरीकडे नव्हतीच.

कंपनी आली. वर्तमानपत्रात फोटो आला. गाळा दिला, रस्ता रुंद केला, कामगारांचा सुरुवातीचा निम्मा पगार मंडळानं उचलला. त्यामुळे कंपनीला पहिल्या दिवसापासून चढा पगार देता आला. मेव्हणा त्याच्या जवळपासही जाऊ शकत नव्हता. माणसं एकेक करून यायची, मान खाली घालून उभी राहायची. अक्का सगळ्यात शेवटी आली.

“मालक, घरी दोन पोरं आहेत. नवऱ्याचं तर तुम्हाला माहीत आहे.”

“जा. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी गेलो असतो.”

“तुम्ही रागवाल म्हणून…”

“रागावलोय. पण तुझ्यावर नाही. जा, आणि बोटं सांभाळ. तिथलं मशीन तुझ्या ओळखीचं नाही.”

उद्घाटनाला मांडव घातला होता. मंत्री आले, चारही नगराध्यक्ष आले. ‘स्थानिक उद्योजक’ म्हणून मेव्हण्यालाही निमंत्रण गेलं होतं. ते पाहुणेसाहेबांनीच पाठवायला लावलं होतं, तेवढंच त्याच्या मनाला बरं वाटेल म्हणून. तो इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसला होता, शेजारी त्याची ताई.

नव्यानं रोजगार मिळालेल्या पहिल्या कामगारांचा मंत्र्यांच्या हस्ते सत्कार होता. माइक पाहुणेसाहेबांकडे. त्यांनी एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. पहिला माणूस मंचावर चढला तो लेथवाला. त्याच्या मुलीच्या आजारपणात बायकोनं दवाखान्यात खटपट केली होती. दुसरा, ज्यानं यांच्या घराच्या दाराला बिजागरी बसवली होती. तिसरा, चौथा. पाहुणेसाहेब नावं वाचत गेले. सगळी मेव्हण्याचीच माणसं. शेवटी अक्का चढली, नवी निळी वर्दी, पदर कुठे खोचावा ते कळत नव्हतं म्हणून हात तसेच लोंबत होते.

आणि खाली मेव्हणा उभा राहून टाळ्या वाजवत होता. एकटाच, जोरजोरात. लोकांनी माना वळवल्या. कुणाला वाटलं आनंद झालाय, म्हणून त्यांनीही वाजवल्या. मांडव दणाणला. कार्यक्रम संपल्यावर तो थेट मंचापाशी गेला आणि अध्यक्षांचा हात हातात घेतला.

“अभिनंदन साहेब. नोकऱ्या तुमच्या, माणसं माझी!”

अध्यक्षांना वाटलं काहीतरी कौतुक आहे. ते म्हणाले, “सगळ्यांच्याच सहकार्यानं होतं हो.”

पाहुणेसाहेब माइकची वायर गुंडाळत तिथेच उभे होते. वायर गुंडाळायचं काम त्यांचं नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत वर्कशॉप मिटलं. नवी माणसं शिकवायला मेव्हण्याकडे ना वेळ होता ना पैसा, आणि शिकवलेली माणसं पुन्हा तिकडेच जाणार हे त्याला दिसत होतं. प्रेस भंगारात गेले. ते बोळातून बाहेर काढायला दोन दिवस लागले. ज्या शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, त्यांनीच दोर धरले. मग मेव्हण्यानं मुख्य रस्त्यावर एक दुकान घेतलं आणि बाहेरून आलेल्या तयार बिजागऱ्या विकायला लागला. “बरं आहे,” म्हणायचा. “आवाज नाही, धूळ नाही. नुसतं डबा उघडायचा आणि दुसऱ्यानं बनवलेलं मोजून द्यायचं. दाजींसारखंच.”

मंडळाच्या वार्षिक अहवालात ती माणसं नव्या रोजगारात मोजली गेली. मिटलेल्या वर्कशॉपसाठी अहवालात रकानाच नव्हता. यात कुणी चोरी केली नाही, खोटंही लिहिलं नाही.

घरात बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला शेवट असतो. ती आधी दवाखान्यातून आली की वॉर्डातल्या दहा गोष्टी सांगायची, नकला करून दाखवायची. ते हळूहळू बंद पडलं. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, औषधं आठवणीनं. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिकडेच नोकरीला लागली, तेव्हा पाहुणेसाहेब म्हणाले, “इकडे आता कंपनी आलीय, तिला इथेच काहीतरी बघू.”

“नको,” बायको म्हणाली. “तिला तुमच्या कंपनीची गरज नाही. आणि तुम्ही तिच्यासाठी शब्द टाकणार नाही, ती तुमची मुलगी आहे.”

ते बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले, पाणी आधीच घातलेलं असताना.

करारात अट होती की कंपनीनं ठरावीक वर्षं इथे राहायलाच पाहिजे. कंपनी इमानदारीनं तितकी वर्षं राहिली. अट संपली आणि मॅनेजरनं पाहुणेसाहेबांना कॉफीला बोलावलं. त्याचे केस आता कानांपाशी पांढरे झाले होते, पण हसू तेच.

“साहेब, आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. आम्ही इथलं बंद करतोय. शेजारच्या पट्ट्यात हलवतोय.”

“काही कमी पडलं का आमच्याकडून?”

“छे, छे! फार प्रेम मिळालं इथे.”

“मग?”

“तिकडचं मंडळ नवा गाळा देतंय. सुरुवातीचा पगारही तेच उचलणार आहेत.”

“आम्हीही दिलं होतं की.”

“दिलं होतं ना. पण तेच पुन्हा नव्यानं तुम्हाला देता येत नाही. तुमचेच नियम.”

कॉफी चांगली होती. पाहुणेसाहेबांनी ती पूर्ण संपवली, कारण अर्धी टाकून उठणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

ज्या संचालकांनी कंपनी आणली होती ते त्याच कामगिरीवर बढती घेऊन कधीच गेले होते. आता एक संचालकबाई होत्या. चटचट बोलणाऱ्या, कामाला उत्साही. कंपनी गेल्याचं त्यांना दुःख करायला सवड नव्हती. दोन महिन्यांत त्यांनी वरून एक नवी योजना आणली.

“ऐका,” त्या म्हणाल्या, “बंद पडलेल्या कारखान्यातले बेकार कामगार जो स्थानिक उद्योजक कामाला घेईल, त्याला गाळा, मशीनला मदत, पगारात मदत, सगळं मिळेल. पत्र्याच्या कामातलं कुणी आहे का तुमच्या माहितीत?”

पाहुणेसाहेब खुर्चीतून उठलेच. “बाई, एक माणूस आहे. पण तो माझा मेव्हणा लागतो.”

“मग काय झालं? अर्ज करू दे. तुम्ही अर्ज बघणाऱ्या समितीत बसू नका म्हणजे झालं.”

इतकं सोपं होतं. जिना उतरताना त्यांच्या पायात वयाला न शोभणारी घाई होती. ते तडक दुकानात गेले. मेव्हणा एका गिऱ्हाइकाला कडी दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ते थांबले आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

मेव्हण्यानं हातातली कडी पुसून डब्यात ठेवली.

“म्हणजे असं की,” तो शेवटी म्हणाला, “मी माणसं सांभाळून होतो तेव्हा मला काही मिळत नव्हतं. मग ती तुम्ही नेलीत, वापरलीत, रस्त्यावर टाकलीत. आता ती बेकार झाली, म्हणून मला मिळणार.”

“तसंच म्हण. पण मिळतंय ना आता?”

“तेव्हा मीच त्यांना हाकलून दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं असतं, तर?”

“चिडू नकोस. संधी चांगली आहे. माणसंही तीच आहेत, अक्का आहे…”

“माझे प्रेस कुठे आहेत, दाजी? बिजागऱ्यांना चकचकीत प्लेटिंग करून देणारा गाव सोडून गेला. गिऱ्हाइकं आता हाच बाहेरचा माल घेतात, मीच त्यांना सवय लावली.” त्यानं हात पुढे केला. उजव्या हाताची बोटं बारीक थरथरत होती. “आणि हे बघा. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. बैल गेला आणि झोपा केला तुमच्या मंडळानं. झोपा मात्र झकास आहे.”

पाहुणेसाहेब त्या बोटांकडे बघत राहिले. हे बायकोला माहीत असणार. तिनं घरी सांगितलं नव्हतं.

“रागापायी नाही म्हणतोयस का?”

“थोडं रागापायीही आहेच,” मेव्हणा म्हणाला. “पण राग नसता तरी नाहीच म्हणालो असतो. ताईला बोलू नका यातलं. उगाच दोन्हीकडून जळत बसेल.” मग त्यानं शेजारच्या टपरीवरून चहा मागवला, आणि दोघांनी तो प्यायला.

योजनेला दुसरं कुणी मिळालं नाही. मोठा गाळा रिकामा राहू लागला तसं वर उत्तर देणं कठीण झालं, म्हणून मंडळानं स्वतःचीच कचेरी तिथे हलवली. हिरवा जिना सुटला. आता शहरात सगळ्यात मोठा पगार वाटणारी संस्था मंडळच होती. बेकारांना मुलाखत कशी द्यावी हे शिकवणारा एक वर्ग तिथे सुरू झाला, आणि त्यातून जी मुलं चांगली तयार व्हायची ती गाव सोडून जायची.

त्याच गाळ्यात पाहुणेसाहेबांचा निरोप समारंभ झाला. संचालकबाई चांगलं बोलल्या. साहेबांनी आपल्या कारकिर्दीत इतक्या नोकऱ्या आणल्या, असा आकडा त्यांनी सांगितला. त्यात ती दहा-बारा माणसं अजूनही धरलेली होती. बायको पहिल्या रांगेत बसून होती. मेव्हणा आला नव्हता. दुकानात माल उतरायचा आहे, असा निरोप होता.

निवृत्तीनंतर त्यांना सकाळी लवकर जाग यायची आणि करायला काही नसायचं. बायकोची नोकरी अजून चालू होती. ते तिला स्टँडपर्यंत सोडायला जायचे. ती नको म्हणत नसे, हो म्हणत नसे. पुढे-मागे चालत दोघं जायचे, तिची बस यायची, ती चढायची.

अशाच एका सकाळी ती गेल्यावर ते तिथेच बाकावर टेकले. पलीकडच्या फलाटावर पंधरावीस बायका-पुरुष हातात डबे घेऊन उभे होते. त्यातून एक उंच बाई त्यांच्याकडे आली. केस पांढरे झाले होते, पण निळी वर्दी तीच.

“ओळखलंत का, साहेब?”

“अक्का? इथे कुठे?”

“कामावर. शेजारच्या पट्ट्यात. तीच कंपनी. जुन्या माणसांना त्यांनी परत बोलावलं.” ती हसली. “जायला दोन तास, यायला दोन तास. पोरं मोठी झाली, म्हणून जमतं.”

“आणि मशीन?”

“तेच मशीन. जाताना सोबत नेलं ना त्यांनी. त्यावरचा माझा डाग पण तसाच आहे.” तिनं डाव्या हाताची करंगळी दाखवली. वरचं पेर नव्हतं. हे कधी झालं ते पाहुणेसाहेबांनी विचारलं नाही.

“बसचं भाडं परवडतं?”

“तिकडच्या मंडळानं बस लावून दिलीय. त्यांचे एक साहेब आहेत, ते सगळं बघतात. पाहुणे आले की आम्हाला स्वच्छ वर्दी घालायला सांगतात.”

“चांगले आहेत का ते साहेब?”

अक्कानं क्षणभर विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि कुणाला दुखवायचीही नव्हती.

“तुमच्यासारखेच आहेत,” ती म्हणाली.

बस लागली. ती लगबगीनं गेली आणि जागा धरण्यासाठी खिडकीतून आधी डबा आत टाकला. पाहुणेसाहेब बस सुटेपर्यंत उभे राहिले; कुणाला निरोप देताना बसून राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मग ते घराकडे निघाले. बाजार नुकता उघडत होता. मेव्हण्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आत तो वाकून काहीतरी शोधत होता. त्यानं यांना पाहिलं नाही. पाहुणेसाहेबांनी हाक मारली नाही, पलीकडच्या कडेनं पुढे निघून गेले.